दोन हॉस्पिटल एक झाली, आमची नऊ वर्षं कोणत्या खात्यात गेली? (विलीनीकरण आणि नर्सेस, खान्देश)

स्टाफसिस्टर

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आले, लिहितेय पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साठ खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नऊ वर्षं झाली. पाच वर्षं आयसीयूत काढली, गेल्या दोन वर्षांपासून इन्चार्ज आहे. गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील, पण कृपया इथे लिहू नका.

मागच्या गुरुवारी मॉर्निंग सुटताना सगळ्या स्टाफला वरच्या हॉलमध्ये बोलावलं. सर होते, मॅडम होत्या, आणि बाहेरून आलेले एचआरचे दोघे. आमचं हॉस्पिटल आणि गावातलंच दुसरं मोठं हॉस्पिटल, दोन्ही एकाच कंपनीने घेतली आहेत, आता एकच नाव, एकच मॅनेजमेंट, असं सांगितलं. पेढे वाटले. मग प्रत्येकीच्या हातात दोन कागद. पहिला म्हणजे राजीनामा, छापलेला, कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’. दुसरा नवं अपॉइंटमेंट लेटर: सहा महिने प्रोबेशन, ‘कंपनीच्या कोणत्याही युनिटमध्ये बदली मान्य’, रुजू झाल्याची तारीख पुढच्या महिन्याची एक. पगार आहे तोच. “पगार तोच आहे ना सिस्टर, मग विचार कसला करता? शनिवारपर्यंत सह्या द्या.”

त्या दिवशी सहा जणींनी तिथेच सह्या केल्या. मी केली नाही. का केली नाही ते मला नीट सांगताही आलं नसतं. नऊ वर्षं ज्या वॉर्डात काढली, तिथे मी ‘वैयक्तिक कारणाने’ राजीनामा देतेय, हे वाचून हात पुढे झाला नाही, एवढंच.

आमच्यासारख्या गावात दोन हॉस्पिटलं असण्याचा अर्थ बाहेरच्यांना कळणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या चार मुली त्या हॉस्पिटलात गेल्या, तिथे दीड हजार जास्त मिळत होते. महिनाभरात सरांनी आम्हा सगळ्यांचे वाढवले. कुणी मोर्चा काढला नाही की निवेदन दिलं नाही. समोर दुसरं दार होतं, एवढ्यावर झालं ते. आता दोन्ही दारं एकाच घरात उघडतात.

कामात काय बदलणार तेही दिसायला लागलंय. बाळंतपणं सगळी त्या बिल्डिंगला, आयसीयू सगळा इकडे. आमच्या लेबर रूमच्या दोन सिस्टर, वीस-बावीस वर्षांच्या अनुभवाच्या, बाळ आडवं आहे हे नुसता हात लावून सांगणाऱ्या, त्यांना आयसीयूच्या रोस्टरला टाकलं. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की त्यांचा चेहरा बघवत नाही. आणि तिकडच्या इन्चार्ज सिस्टर आणि मी, पद एक, माणसं दोन.

एक सिस्टर सहा महिन्यांची गरोदर आहे. एकीला चार वर्षं झालीत. दोघीही मला विचारतात, “ताई, सही करू का?” मी काय सांगू? जाणकारांनी कृपया लिहा. शनिवार जवळ आलाय.

तापीकाठ

ताई, सही करू नका. बाकीचं मागून बघू. माझ्या बहिणीने दुसऱ्या जिल्ह्यात अशीच सही केली होती. आठ वर्षांच्या रजा शिल्लक होत्या, सगळ्या गेल्या. ‘नवीन जॉइनिंग आहे, रजा शून्यापासून.’

श्रमकायदा

मी धुळ्याला कामगार कायद्याची कामं बघतो. घाईत लिहितोय, पण शनिवारच्या आधी हे वाचा.

पहिला प्रश्न मॅनेजमेंटला लेखी विचारा: हॉस्पिटल कंपनीच्या नावावर होतं आणि शेअर विकले गेले, की डॉक्टरांच्या स्वतःच्या नावावरचा व्यवसाय कंपनीने घेतला? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेअर विकले असतील तर कायद्याच्या नजरेत तुमचा मालक बदललेलाच नाही. कंपनी तीच, फक्त तिचे भागधारक वेगळे. तिथे राजीनाम्याचं काही कारणच उरत नाही. व्यवसायच हस्तांतरित झाला असेल तर मालक बदलतो, आणि त्यासाठीच औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये कलम २५ एफएफ होतं. किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला अशा हस्तांतरात नोटीस आणि नुकसानभरपाई मिळते, दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराच्या हिशेबाने. ती चुकवायची असेल तर नव्या मालकाने तीन गोष्टी पाळायच्या: नोकरीत खंड नको, अटी पूर्वीपेक्षा वाईट नकोत, आणि उद्या कपात झालीच तर भरपाई जुनी वर्षं धरून देण्याची जबाबदारी त्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. हस्तांतराची ही तरतूद त्या संहितेतही आहे.

आता राजीनामा का मागतात ते बघा. तुम्ही ‘वैयक्तिक कारणाने’ सोडलंत की हे कलम तुम्हाला लागूच होत नाही. तुम्ही स्वतःहून गेलात आणि स्वतःहून परत आलात. नव्या मालकाच्या वहीत तुमची नऊ वर्षं कोरी.

हॉस्पिटल म्हणजे कारखाना थोडाच, असं कुणी म्हणालं तर १९७८ चा बंगलोर वॉटर सप्लायचा निकाल दाखवा. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हॉस्पिटलंही ‘उद्योग’ या व्याख्येत येतात असं ठरवलं.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं, गणित मांडतो, आकडे समजायला घेतलेत. मूळ पगार १८,००० धरा. सूत्र असं: पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. नऊ वर्षांचे होतात सुमारे ९३,५०० रुपये. समजा राजीनामा देऊन हे पैसे घेतले आणि पुढे पाच वर्षं काम केलं, तोवर मूळ पगार २६,००० झाला, तर त्या पाच वर्षांचे ७५,०००. एकूण १,६८,५००. सेवा अखंड धरली असती तर चौदाही वर्षं शेवटच्या पगारावर मोजली गेली असती: २,१०,०००. साडेएकेचाळीस हजारांचा फरक, एका सहीचा. ज्या सिस्टरला चार वर्षं झालीत तिचं तर जास्तच वाईट. पाच वर्षं पूर्ण नाहीत म्हणून राजीनाम्यावर ग्रॅच्युइटी शून्य, आणि नवीन घड्याळ परत पहिल्या दिवसापासून.

गरोदर सिस्टरचं सगळ्यांत आधी सांभाळा. मातृत्व लाभासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. पुढच्या महिन्यापासून ‘नवीन’ रुजू झाल्या आणि ८० दिवस भरायच्या आत सुट्टीवर जावं लागलं, तर २६ आठवड्यांच्या पगारी रजेवर वाद घालायला त्यांना आयतीच जागा मिळते.

स्टाफसिस्टर

दादा, वाचून अंगावर काटा आला. ८० दिवसांचं कुणालाच माहीत नव्हतं. तिला आत्ताच फोन केला. तिने सही केलेली नाही, देवाची कृपा.

शेअर की व्यवसाय, हे उद्या विचारते. लेखी विचारायचं म्हणजे अर्ज करू का?

श्रमकायदा

अर्जच करा. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. आणि एकटीच्या नावाने नको, जमतील तेवढ्या जणींच्या सह्या घ्या.

सातपुडा

मी सरकारी. खासगीत नाही, पण विलीनीकरण आम्हीही बघितलंय म्हणून लिहिते. खान्देशात जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि जिल्हा रुग्णालय कॉलेजला जोडलं गेलं. गावासाठी ती चांगलीच गोष्ट झाली, त्याबद्दल दुमत नाही. आधी हृदयाचा, मेंदूचा पेशंट नाशिक नाहीतर सुरतेला न्यावा लागायचा. पण जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आणि कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. खातं बदललं की सेवाज्येष्ठतेची यादी वेगळी, बदलीचे नियम वेगळे, वरचे साहेब वेगळे.

माझी नोकरी कुठे झाली ते लिहीत नाही. मी सांगते ते वॉर्डातलं. कालपर्यंत एका खाटेपाशी एक डॉक्टर यायचा, आता राउंडला पंधरा जण. इंटर्न, निवासी डॉक्टर, विद्यार्थी. प्रत्येकाची वेगळी ऑर्डर, प्रत्येकाला सिस्टरच हवी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक, आयसीयूत एकास एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा स्टाफ. म्हणजे रुग्णालय कॉलेजला जोडलं त्या दिवशी आमची गरज कागदावर जवळपास पावणेदोनपट झाली. आमच्याकडे पदं तेव्हा आली नाहीत, पेशंट मात्र लगेच आले. मी एका नाईटला चाळीस खाटा एकटीने सांभाळल्यात. सकाळी हँडओव्हर देताना जीभ टाळूला चिकटलेली असायची, पाणी प्यायची आठवणच राहायची नाही.

तुम्ही अर्जात पगाराबरोबर हेही लिहा, ताई: दोन्ही बिल्डिंगमध्ये कोणत्या वॉर्डाला किती स्टाफ, शिफ्टवार. विलीनीकरणात पगार कुणी उघड कापत नाही. माणसं कमी होतात ती सुटलेल्या मुलीच्या जागी दुसरी न घेतल्याने, आणि ते सहा महिने कुणाच्या लक्षातच येत नाही.

नाईटड्युटी

सातपुडा ताईंनी लिहिलं ते खरं आहे. मी पुण्यात एका साखळी हॉस्पिटलात आहे, मूळची पारोळ्याची. मोठ्या शहरांत हे आता नेहमीचंच झालंय. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्समध्ये २०१९ ला एव्हरस्टोन ही गुंतवणूक कंपनी आली, २०२२ ला कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतलं आणि २०२५ ला मणिपालने घेत असल्याचं जाहीर केलं. सहा वर्षांत तीन मालक. मी तिथली नाही, तिथल्या स्टाफबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण या धंद्याचा वेग किती आहे बघा. नर्स एका वॉर्डात दहा वर्षं राहते, मालक तीन वर्षं.

माझा स्वतःचा अनुभव दुसऱ्याच हॉस्पिटलचा. चांगलंही सांगते. मोठ्या ग्रुपमध्ये गेल्यावर पीएफ पहिल्यांदा पूर्ण पगारावर कापला गेला, पगार सात तारखेच्या आत खात्यात आला, सुई टोचली तर तपासणी आणि औषध लगेच, लेखी नियम होता. जुन्या मालकाकडे हे सगळं त्याच्या मूडवर असायचं. ट्रेनिंगही मिळालं.

वाईट काय, तर पहिले तीन महिने. दोन हॉस्पिटलचे केस पेपर वेगळे, औषधांच्या कपाटाची मांडणी वेगळी. आमच्या क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे इमर्जन्सी औषधांच्या ट्रॉलीत, ॲड्रेनालीन पहिल्या खणात डावीकडे, त्यांच्याकडे तिसऱ्यात. हे ऐकायला फार लहान वाटतं. रात्री तीनला पेशंट कोलमडला, मी पहिला खण उघडला आणि तिथे कॅन्युला होत्या. काही सेकंदच गेले. पेशंट वाचला. पण ते सेकंद मला अजून झोपेत दिसतात. ताई, तुम्ही इन्चार्ज आहात, पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडच्या क्रॅश कार्ट सारख्या लावून घ्या. कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

केळीबाग

मी नर्स नाही, रावेरकडचा केळीवाला शेतकरी. वडील दोन महिने आयसीयूत होते. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, रात्रभर बापाजवळ सिस्टरच असायच्या. एका सिस्टरने वडिलांशी अहिराणीत बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी चार दिवसांनी तोंड उघडलं. “आप्पा, भाकर खाशी का?” इतकंच विचारलं होतं.

एक विचारतो. गावातले आम्ही पेशंट लोक काही करू शकतो का?

परदेशी सावदेकर

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत नर्स आहे, चौदा वर्षं. इथे हॉस्पिटल विलीनीकरण आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे, म्हणून थोडं लिहितो. स्टाफसिस्टर यांनी दोन दारांचं जे लिहिलं, त्यावर इथे अभ्यास झालाय. एलेना प्रेगर आणि मॅट श्मिट या दोन अर्थतज्ज्ञांचा निबंध २०२१ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला. २००० ते २०१० या काळातली हॉस्पिटलांची विलीनीकरणं त्यांनी तपासली. जिथे विलीनीकरणामुळे त्या भागातल्या सगळ्या नोकऱ्या मोजक्या मालकांच्या हातात गेल्या, तिथे चार वर्षांनी नर्स आणि फार्मसीतल्या लोकांचे पगार, विलीनीकरण झालं नसतं तर जेवढे असते त्यापेक्षा ६.८ टक्क्यांनी कमी निघाले. जिथे आधीच बरीच हॉस्पिटलं होती आणि त्यातली दोन एक झाली, तिथे असा परिणाम दिसला नाही.

त्यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी. कँटीन, साफसफाई, अशा कामांवरच्या लोकांच्या पगारावर परिणाम आढळला नाही. कारण ते काम हॉस्पिटलबाहेरही मिळतं. नर्स कुठे जाणार? जी विद्या शिकायला तीन-चार वर्षं घातली, तीच तिला त्या एका दाराशी बांधून ठेवते. आणि जिथे कामगार संघटना मजबूत होत्या तिथे हा परिणाम कमी होता.

कुणाचा पगार कापला गेला असं नाही. वाढ मंदावली. म्हणून ‘पगार तोच आहे ना’ या वाक्याला भुलू नका. पाच वर्षांनी काय, ते विचारा. इथे २०२३ मध्ये सरकारने विलीनीकरण तपासायची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात कामगारांच्या बाजारावर होणारा परिणामही धरलाय.

श्रमकायदा

सावदेकर भाऊ, आपल्याकडे स्पर्धा आयोग आहे, पण त्याच्या दारात जायला व्यवहार मोठा लागतो. २०२४ पासून दोन हजार कोटींच्या वरचे सौदेही त्यात येतात. मालमत्तेच्या आणि उलाढालीच्या मर्यादा आहेत त्याही मोठ्याच. तालुक्यातल्या दोन हॉस्पिटलांचा सौदा तिथवर पोचत नाही. अमळनेर, चोपडा, शहादा असल्या ठिकाणी दोनाचं एक झालं तर तिथल्या नर्सच्या दृष्टीने सगळा बाजार संपला, पण दिल्लीच्या तराजूत त्याला वजन नाही.

केळीबाग, हॉस्पिटल जर धर्मादाय ट्रस्टचं असेल तर त्याची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६. तिथे गावकऱ्यांना म्हणणं मांडता येतं. खासगी मालकीत तसं नाही.

तालुकाडॉक्टर

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. मी विकणाऱ्यांपैकी आहे. स्टाफसिस्टर यांच्या गावचा नाही, दुसऱ्या गावचा. चौतीस वर्षं हॉस्पिटल चालवलं, गेल्या वर्षी एका ग्रुपला दिलं.

का दिलं ते सांगतो. मुलगा आणि सून दोघं डॉक्टर, पुण्यात स्थिरावलेत, इकडे येणार नाहीत. वय झालं, रात्री सिझेरियनला उठवत नाही. फायर ऑडिट, एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं प्रमाणपत्र, प्रत्येक विमा कंपनीशी वेगळा करार, सरकारी योजनेच्या क्लेमचे पैसे महिनोन् महिने अडकलेले. जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपलं धुळं होतं. गरिबांसाठी फार मोठं काम झालं तिच्यामुळे. पण पन्नास खाटांच्या माणसाला तिचे कागद सांभाळायला स्वतंत्र माणूस ठेवावा लागतो. मोठ्या ग्रुपला ते परवडतं. म्हणून मी विकलं आणि विकल्याचा पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप दुसरा आहे. सौद्याच्या बोलण्यांत मशीन किती, सोनोग्राफीचं रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर, जागेचं भाडं किती, सगळ्यावर आठ-आठ बैठका झाल्या. स्टाफवर एक परिच्छेद. ‘कर्मचाऱ्यांची आजवरची देणी विक्रेता भागवील.’ मी सही केली. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. अर्थ असा होता की घेणाऱ्याला कोरी पाटी हवी होती. मी सगळ्यांची ग्रॅच्युइटी दिली, एकही रुपया ठेवला नाही, आणि मला वाटलं मी माझं कर्तव्य केलं. पण माझ्याकडे बावीस वर्षं असलेली मेट्रन दुसऱ्या दिवशी प्रोबेशनवर आली. तिने मला काही म्हटलं नाही. अजूनही दिवाळीला घरी येते.

सिस्टर, तुमच्या सरांकडे जा. रागाने नाही, पण जा. सौदा पूर्ण झाला नसेल तर एक ओळ त्यांना अजून घालता येईल: ‘सर्व कर्मचाऱ्यांची सेवा मूळ रुजू तारखेपासून अखंड धरली जाईल आणि त्यानुसार देणी घेणारा भागवील.’ त्याबदल्यात घेणारा किमतीतून काही रक्कम वजा मागेल. मागू द्या. मी आज ती रक्कम आनंदाने दिली असती.

स्टाफसिस्टर

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून मला आमच्या सरांची आठवण आली. उद्याच जाते त्यांच्या घरी. मॅडम चहा दिल्याशिवाय सोडणार नाहीत, आणि चहा पिता पिता हे कसं बोलायचं ते बघते.

तापीकाठ

घाबरू नको वं बैन. कागद हातम्हा धरी ठेव. सोबत कुणी हवं असेल तर सांगा, माझी बहीण यायला तयार आहे.

नाईटड्युटी

एक राहिलं. ओरिजिनल सर्टिफिकेटं जुन्या हॉस्पिटलने ठेवून घेतली असतील तर विलीनीकरणाच्या आधी परत घ्या. ती ठेवून घ्यायचा हक्क कुणाला नाही, आणि मालक बदलल्यावर फाइल कोणत्या कपाटात गेली ते कुणी सांगत नाही. माझ्या मैत्रिणीचं नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण त्यामुळे सात महिने लटकलं. आणि पीएफचं बघा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच राहू द्या, नव्या मालकाने दुसरा नंबर काढला तर जुना-नवा जोडून घ्या. पेन्शनला दहा वर्षं लागतात. मधल्या काळात पीएफ काढून घेऊ नका, कितीही गरज वाटली तरी.

श्रमकायदा

याला पुस्ती. नर्सेसच्या पगारावर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने खाटांवर पगार बांधायची शिफारस केली. कमीत कमी २०,०००. ५० ते १०० खाटांना सरकारी पगारापेक्षा २५ टक्के कमी चालेल, १०० च्या वर १० टक्के कमी, २०० च्या वर सरकारीइतकाच. केरळमध्ये नर्सेसनी लढून २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढायला लावली. तुमच्या इथे शिफारशीच्या आधाराने बोलता येईल. तुमचं साठ आणि त्यांचं जवळपास तेवढंच. दोन मिळून शंभरच्या वर. एक हॉस्पिटल म्हणून जाहिरात करता, एक नाव लावता, तर पगाराच्या वेळी खाटा वेगळ्या का मोजता, हा प्रश्न बैठकीत नक्की विचारा.

स्टाफसिस्टर

उशिरा लिहितेय, माफ करा. तीन नाईट लागल्या होत्या सलग.

आधी सरांकडचं. गेले, बोलले. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला वाटलं पगार तोच राहतोय, म्हणजे तुमचं सगळं नीट आहे.” तालुकाडॉक्टर साहेबांनी लिहिलेली ओळ मी कागदावर उतरवून नेली होती, ती त्यांनी ठेवून घेतली. आमचं हॉस्पिटल सरांच्या स्वतःच्याच नावावर होतं, कंपनी नव्हती. म्हणजे मालक खरोखर बदलतोय. सौद्याचा शेवटचा कागद अजून व्हायचा होता.

अर्ज तेवीस जणींपैकी सतरा जणींच्या सहीने दिला. त्या हॉस्पिटलच्या सिस्टर येतील असं वाटलं नव्हतं, पण तिकडच्या इन्चार्ज सिस्टरने स्वतः फोन केला. आम्ही दोघी एकाच पदासाठी समोरासमोर, आणि दोघी रात्री दहाला बसस्टँडवर उभ्या राहून अर्जाचा मजकूर ठरवत होतो. तिच्याकडून आणखी अकरा सह्या आल्या. लेबर रूमच्या दोघी तिच्या बिल्डिंगला लेबर रूममध्येच जातील आणि आयसीयूचा अनुभव असलेल्या तिच्या दोघी माझ्याकडे येतील, हे आम्ही दोघींनीच ठरवलं आणि मेट्रन मॅडमना दिलं. त्यांनी रोस्टर तसं बदललं. क्रॅश कार्ट दोन्हीकडे सारख्या लावल्या, खणांवर मराठीत पट्ट्या चिकटवल्या.

शनिवारची मुदत त्यांनी पुढे ढकलली होती. काल नवीन पत्र हातात आलं. त्यात ‘मूळ रुजू तारीख’ असा रकाना आहे आणि माझ्या पत्रात नऊ वर्षांपूर्वीची तारीख आहे. प्रोबेशन काढलं. राजीनाम्याचा कागद आता मागत नाहीत. गरोदर सिस्टरला तिच्या रजेची मंजुरी लेखी दिली. रजा निम्म्या मान्य केल्या, निम्म्यांवर बोलणं चालू आहे. ‘कोणत्याही युनिटमध्ये बदली’ ही अट मात्र तशीच आहे. त्यावर ते हलले नाहीत. घरी दोन शाळकरी मुलं आणि अंथरुणावरच्या सासूबाई असलेली बाई उद्या दुसऱ्या शहरात कशी जाईल, हे विचारलं तर ‘बघू तेव्हा’ म्हणाले. खाटांचं विचारलं, उत्तर मिळालं नाही. शिफ्टवार स्टाफची यादी महिन्याने देतो म्हणाले.

आणि त्या सहा जणी, ज्यांनी पहिल्याच दिवशी सही केली. त्यांना नवीन पत्र मिळालं नाही. ‘तुमचे राजीनामे स्वीकारलेत’ असं सांगितलं. त्यातली चार वर्षांची सिस्टर आहे, म्हणजे तिने मला विचारलं तेव्हा आधीच सही केलेली होती, सांगायला लाजली. रात्री ड्युटीवर माझ्या शेजारी बसून रडली. “आते काय करानं वं ताई?” मला तिला ‘मी तेव्हाच सांगितलं असतं’ असं म्हणवलं नाही, कारण त्या गुरुवारी मलाच काही माहीत नव्हतं.

सही बैठकीत, वाचायला वेळ न देता, सगळ्यांना एकाच मजकुराचा छापील कागद देऊन घेतली, असा अर्ज सहा जणींच्या नावाने तयार केलाय. पेढे वाटले त्या दिवशीचा हॉलमधला फोटो एका मुलीच्या मोबाइलवर आहे, टेबलावर कागदांचा गठ्ठा स्पष्ट दिसतो. तो जोडतेय. सोमवारी द्यायचाय. श्रमकायदा दादा, मसुदा एकदा नजरेखालून घालाल का?

श्रमकायदा

आजच पाठवा. राजीनामे स्वीकारल्याचं पत्र त्या सहा जणींना लेखी मिळालंय की फक्त तोंडी सांगितलंय, ते आधी कळवा. सहाही कागदांवर ‘वैयक्तिक’ हाच शब्द, तीच तारीख आणि तोच टाइप असेल तर प्रत्येकीच्या कागदाचा फोटो जोडा. फोटो नसेल तर आधी प्रत मागा.

स्टाफसिस्टर

तोंडीच सांगितलंय. पाठवते. इव्हनिंग सुटली की नऊनंतर.